तुझ्या नावाला आई उभी राहते

९ जानेवारी

धाकट्या,

आई गेली. काल तिला माती दिली.

एवढं वाचून कागद बाजूला टाकू नकोस, तुझी जुनी खोड मला माहीत आहे. पुढे तुझ्याविषयी आहे, आणि ते लिहायचा धीर होत नाहीये. म्हणून आधी आईचं सांगते.

आजारी वगैरे काही नव्हती. सकाळी चर्चमधून आली, कोंबड्यांना दाणे टाकले, चुलीजवळच्या खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "जरा डोळे मिटते गं. उगाच उठवू नकोस." मी मशीनवर बसून फादरच्या झग्याची शिवण उसवत होते. जेवायच्या वेळेला मशीनवरून उठले. तिला हलवलं, आधी हळू, मग जोरात.

तिला मीच धुतलं. गावातल्या बायकांना शेवटची अंघोळ घालायचं काम जन्मभर तिचं. एकेकीशी बोलत बोलत करायची, "हात वर कर, शहाणी ना तू?" असं. मीही बोलायला गेले, पण जमलं नाही. तिचे गुडघे बघितलेस का रे कधी? टाचेसारखे घट्टे पडले होते. नव्वदीची बाई, सगळं अंग मऊ, पिठासारखं, आणि गुडघे दगड.

चर्चमध्ये तिच्याविषयी बोलायला लोक उभे राहिले आणि दोन वाक्यांत अडकले. सांगणार काय? नदीपलीकडच्या वाडीत जन्मली, लग्न करून या घरात आली, बाजाराच्या पुलापुढे कधी गेली नाही. चर्च झाडलं, वेदीवरचं कापड धुतलं, पितळी दिवे राखेने घासले, दोन पोरं वाढवली. वाचता येत नव्हतं. एकदा शहरातून मोठे बिशप आले तेव्हा दारात फडकं टाकून म्हणाली, "पाय पुसा, आत्ताच फरशी पुसलीय." त्यांनी मुकाट पुसले. ही गोष्ट फादरनी सांगितली तेव्हा सगळे हसले, आणि मग रडले. मी नाही रडले. मला तुझी काळजी लागली होती.

तर ऐक. आईची नावं तुला आठवतात ना? रोज सकाळी घंटा झाली की ती आपल्या बाकावर जायची आणि मोठ्याने एकेक नाव घ्यायची, आधी घरातली, मग गावातली. जिवंत माणसाचं नाव गुडघ्यांवर. मेलेल्याचं नाव आलं की उठून उभी. लहानपणी मी विचारलं होतं, असं का. म्हणाली, "जिवंतांसाठी मागायचं असतं, मागणारीने खालीच बसावं. गेलेल्यांसाठी आता काय मागायचं? त्यांना उभं राहून मान द्यायचा, झालं." आणि तुला गिरणीवाल्याच्या भावाचं आठवतं? परगावी होता, ठणठणीत. आई एका सकाळी त्याच्या नावाला उभी राहिली. सगळ्यांना वाटलं म्हातारी विसरली. दिवस मावळायच्या आत बातमी आली. तेव्हापासून गावातल्यांची तंतरली. दूधवाली तर म्हणायची, "मावशी, माझ्या नावाला जरा जपून हं."

धाकट्या, पानगळ सुरू झाली तेव्हापासून आई तुझ्या नावाला उभी राहत होती.

पहिल्यांदा उठली तेव्हा मला वाटलं, नाव चुकली. तिला दिसत नव्हतं, ऐकू तर अजिबात येत नव्हतं, मी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. त्या दिवशी पुढच्या बाकाला धरून आपली आपण उठली. मी पदर ओढला, तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आई, चुकलीस!" तिने माझ्या हातावर फटका मारला आणि पुढचं नाव घेतलं. रोज नाही. कधी तुझ्या नावाला खाली असायची, कधी उभी. ज्या दिवशी उभी राहायची, त्या दिवशी घरी येऊन मी शिवणात चुका करायची.

तू जिवंत आहेस का, एवढंच कळव. भांडायला का होईना, पण कळव.

तुझी ताई

२७ जानेवारी

धाकट्या,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर लिहिलंय, या पत्त्यावर असा कोणी राहत नाही. 'राहत नाही' कोणी सांगितलं, घरमालकाने की पोस्टमनने, कोण जाणे. मी ते पाकीट उलटंसुलटं करून पाहत बसले. मग फादरकडे नेलं.

फादर भला माणूस आहे, पण घाबरट. म्हणाले, "बातमी नाही, कागद नाही, मी त्याला मेलेल्यांत कसा घालू?" मी म्हटलं, "आईने घातलाय." त्यावर त्यांनी मान खाली घालून पाकीट परत दिलं. गावानेही तेच खरं धरलं. आणि आता तुला खरं काय ते सांगून टाकते. आईचा दगड घडवायला दिला होता, त्याबरोबर तुझाही घडवून घेतला. बाबांच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तुझा आडवा दगड. तुझं नाव आहे. जन्मसाल आहे. पुढची जागा पाथरवटाने कोरी ठेवलीय.

आता तू म्हणशील, बाबांच्या शेजारी कशाला टाकलंस मला, मेल्यावर तरी सोडायचंस. अरे, मग कुठे टाकू? तुझी बायको बाबांच्या पायाशीच आहे ना. ती तापाने गेली तेव्हा मी इथेच होते. दिवसभर अख्खं गाव गुडघ्यांवर होतं आणि ती संध्याकाळी गेली. पुढच्या रविवारी सगळे खाली, आणि तू एकटा मध्ये खांबासारखा उभा. "आता नाही टेकणार," म्हणालास. बाबांनी तिथल्या तिथे सुनावलं, "गुडघे टेकायचे नसतील तर या दारातून आत पाऊल टाकायचं नाही." तू टोपी उचलून निघालास. आई खालीच होती. बाबांना उलट शब्द ती कधी बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती फरशीकडे पाहत होती.

मेलेल्या माणसाला पत्र लिहिते आहे, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर नाही. हे पोस्टात टाकणार नाही. मशीनच्या खणात ठेवते.

ताई

११ फेब्रुवारी

धाकट्या,

कोणाला सांगू नकोस. म्हणजे तू सांगणार तरी कोणाला म्हणा.

आईची नावं आता मी घेते. कोणी तरी घ्यायला हवीत, नाही तर गावाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आपल्या बाकाची गुडघे टेकायची फळी आठवते? एकच लांब फळी, आईच्या बाजूचा खिळा ढिला. आई टेकली की तिकडचं टोक खाली जायचं, उठली की टक् करून वर यायचं आणि माझ्या गुडघ्यांना हिसका बसायचा. लहानपणी तू मुद्दाम त्या टोकाला नाचायचास.

आज मी माझ्या टोकाला टेकले. पहिलं नाव घेतलं आणि फळीचं पलीकडचं टोक सावकाश खाली गेलं. जसं कोणी गुडघे दुखत असताना बेताबेताने टेकतं ना, तसं. आधी एक बाजू, मग दुसरी.

मी मान वळवली नाही. नावं घेत राहिले. सुतार म्हणेल, थंडीने लाकूड आकसतं, फुगतं. फुगत असेल. पण तुझं नाव आलं, आणि टक्. टोक वर. माझ्या गुडघ्यांना हिसका बसला.

तुझ्या नावाला मीही उठायला हवं होतं. दगड मांडून बसलेय, मग उठायला काय झालं? नाही उठले. तिथेच चिकटून बसले आणि तुझं नाव पुन्हा घेतलं, जरा चढ्या आवाजात. आईशी आयुष्यात कधी भांडले नाही, आता भांडते आहे.

पुढच्या नावाला टोक परत खाली गेलं.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं भूत फिरतंय म्हणे.

फावडेमामा आज घरी आला. कबरी खणणारा रे, तुला सफरचंदं चोरताना ज्याने पकडलं होतं तो. आता पार वाकलाय. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, तुझा धाकटा आमच्या भिंतीपाशी येतो." मी म्हटलं, "मामा, सकाळी सकाळी घेतलीस का?" तो संतापला. शपथ घेऊन म्हणाला, चर्चच्या मागची बुटकी भिंत, तिच्या पलीकडे, धुक्यात, टोपी हातात घेऊन उभा असतो. पानगळीपासून अधूनमधून दिसतो. आधी त्याला कोणी वाटसरू वाटला. आईला माती दिली त्या दिवशी मात्र चेहरा नीट दिसला. मग दगड आला, त्यावरचं नाव कोणी तरी त्याला वाचून दाखवलं, आणि मामाची बोबडी वळली.

"गेलेला माणूस आहे ना तो?" त्याने विचारलं.

"आईने तसं सांगितलं," मी म्हटलं.

"मग त्याला जागा मिळत नाहीये. दगड आहे, खाली काही नाही. रिकाम्या दगडाखाली कोण झोपेल? काही तरी पुरावं लागतं, बाई. अंगावरचं."

फादरना विचारलं तर ते म्हणाले, असं धर्मात काही नाही, पण पुरायला मनाईही नाही. त्यांनाही आता मागच्या बाजूला एकट्याने जायला नको वाटतं, हे मला दिसत होतं.

मी पेटी उघडली. तुझा लग्नातला कोट आईने अजून जपून ठेवला होता. मीच शिवलेला. कॉलरची एक बाजू जरा वर राहिली होती आणि तू लग्नभर ती खाली दाबत होतास. मी कोट घडी करून पिठाच्या रिकाम्या डब्यात घातला. मामाने दगड सरकवून हातभर खड्डा केला, डबा ठेवला, माती ओढली. मी दोन शब्द बोलले. काय बोलले ते विचारू नकोस. तेव्हा मात्र रडले रे मी. आईला नाही रडले ते सगळं तिथे निघालं. भाऊ गेला माझा, असं पहिल्यांदा वाटलं.

आता झोप शांत.

ताई

३ मार्च

अरे मेल्या,

हो, मेल्याच म्हणणार. हक्क आहे माझा.

सकाळी फावडेमामा धावत आला. वाकलेला माणूस धावताना मी पहिल्यांदा पाहिला. "कोट... कोट घालून गेला!"

गेले पाहायला. तुझा दगड पालथा पडलेला, नाव मातीत. डबा उघडा, झाकण शेजारी नीट ठेवलेलं. कोट नाही. फादर दुरूनच हातातली जपमाळ फिरवत होते. दूधवाली म्हणाली, गाव सोडून जावं की काय. मामा सांगत सुटला होता की आज धुक्यात तो भिंतीपलीकडे उभा होता, आणि अंगात तो काळा कोट होता, पुरलेला कोट. मेलेला माणूस स्वतःचं कफन घालून आला म्हणे.

मीही घाबरले होते. खरं सांगते. पण मी शिंपीण आहे. भिंतीपाशी गेले, कारण कोणीच जाईना. आईने ज्यांना धुतलं ते सगळे तिथे झोपलेत, त्यांतलं मला कोण खाणार आहे? भिंतीपलीकडे गवत तुडवलेलं होतं. एका माणसाच्या पायांएवढंच, एका जागी, पार जमीन उघडी पडेपर्यंत. कोणी तरी पुष्कळ वेळा, पुष्कळ वेळ तिथे उभं राहिलंय. आणि त्या उघड्या जमिनीवर एक बटण पडलं होतं.

काळं बटण, त्याला दोरा लटकत होता. दोरा माझा. मी बटणाला शेवटची गाठ कशी मारते ते जगात मला एकटीला माहीत आहे. धाकट्या, ते बटण तोडलेलं नव्हतं. पोटावर ताण बसून उडालेलं होतं.

मी तिथेच भिंतीवर बसले आणि हसायला लागले. फादरना वाटलं मला लागीर झालं. भुताला थंडी वाजत नाही. भूत डब्याचं झाकण नीट काढून बाजूला ठेवत नाही. आणि मेलेला माणूस जाड होत नाही!

मी कोणाला काही बोलले नाही. बटण मुठीत घेऊन घरी आले. मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

तिथून, त्या भिंतीपासून, आपल्या बाकाची खिडकी समोर येते. तिची काच कधीपासून फुटलेली आहे. आईला ऐकू येईना झालं तेव्हापासून ती केवढ्या मोठ्याने नावं घ्यायची! तू ते ऐकायला येत होतास. आईच्या तोंडून तुझं नाव ऐकायचं, आणि आत न येता निघून जायचं. हो ना?

पण तिला कसं कळायचं? डोळे नाहीत, कान नाहीत, तुझ्याकडे पाठ. ज्या दिवशी तू तिथे असायचास त्या दिवशी ती उठायची, नसायचास तेव्हा नाही. मी मामाला खोदून खोदून विचारलं, तुला कोणत्या सकाळी पाहिलं, आणि तो जे सांगतो ते माझ्या बिघडलेल्या शिवणांशी जुळतं. बाजाराच्या सकाळी. पहिलं बर्फ पडलं ती सकाळ. ती गेली ती सकाळ.

तू मेलास म्हणून नव्हती उठत ती. आम्ही सगळे गाढव. इतक्या वर्षांची तिची रीत आम्हाला पाठ, म्हणून पुढचं कोणी पाहिलंच नाही आणि तुझा दगड मांडून मोकळे झालो. आईला बाबांपुढे कधी तोंड उघडता आलं नाही. टेकणार नसशील तर आत येऊ नकोस, असं ते म्हणाले होते. तिला तुला आत आणता येत नव्हतं, मग तू जसा बाहेर उभा तशी ती आत उभी राहिली. त्या गुडघ्यांनी. त्या वयात.

स्वतःचा दगड वाचून, मला तुझा कोट पुरताना भिंतीआडून पाहून तुला काय वाटलं असेल रे?

ताई

४ मार्च, सकाळ

धाकट्या,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. आधीची सगळी यात गुंडाळली आहेत. भिंतीत तू लहानपणी गोट्या लपवायचास त्या फटीत ठेवते आहे. तुझ्या उभं राहायच्या जागेसमोरच आहे ती, दिसल्याशिवाय राहणार नाही.

आज नावं घेतली. फळीचं टोक खाली गेलं, नेहमीसारखं बेताबेताने. आता मी घाबरत नाही. म्हणजे मानेवर काटा येतो, तो येऊ दे. तुझं नाव आलं. मी दम धरला. टोक खालीच राहिलं. म्हणजे आज तू नव्हतास. कालचा गोंधळ पाहून बिचकला असशील.

पण येशील. इतके महिने आलास, कोट नेलास, म्हणजे येशीलच. आलास की ज्या दिवशी टक् होईल त्या दिवशी मला कळेल. मी मागे वळून पाहणार नाही, धावत भिंतीकडे येणार नाही, मामाला ओरडू देणार नाही. फक्त तुझ्या नावाला मीही आईबरोबर उठेन. दगड आज पाथरवट घेऊन जातोय. पायरीला वापरतो म्हणाला, मी म्हटलं नाव आतल्या बाजूला घाल.

फादरना सांगितलंय, चर्चचं बाजूचं दार सकाळी लावायचं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. आत आलास तर गुडघे टेकायला कोणी सांगणार नाही. बाकाशी ये आणि उभा राहा, खांबासारखा, तुला हवं तेवढा वेळ. बटण माझ्यापाशी आहे. लावून हवं असेल तर घरी यावं लागेल, आणि कोटाला बाजूने थोडं कापड जोडावं लागेल ते वेगळंच.

एकच विनवणी आहे. तू बाहेर आहेस तोवर ती बसणार नाही. जन्मभर खूप झालंय तिच्या गुडघ्यांना. आईला फार वेळ उभं ठेवू नकोस.

ताई